तारखेने येणारे दुखणे

(लासूर स्टेशन येथे शिक्षक, ग्रामसेवक, आशा कार्यकर्त्या आणि पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



स्टेशनच्या गावी बोलावयाचे आहे, तेव्हा स्टेशनपासूनच आरंभ करतो. फलाटावर रोज उठबस असलेल्या माणसाला दुरून गाडी दिसली, की तिच्या डब्यावरची पाटी वाचण्याची गरज पडत नाही. घड्याळाकडे पाहून तो सांगतो, की ही मनमाडकडून आलेली, आता पोटूळ, दौलताबादकडे जाईल. शरीराची काही दुखणी अशीच वेळापत्रकाने येतात. त्यांचे नाव छातीवर किंवा पोटावर लिहिलेले नसते. ते वेळेवरून ओळखावे लागते. आज मी ज्या विकाराविषयी बोलणार आहे तो या जातीचा आहे, आणि आम्ही डॉक्टर मंडळी त्याला ओळखण्यात वारंवार चुकतो, याचे मुख्य कारण आम्ही वेळ विचारीत नाही हे आहे.

या विकारास एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. गर्भाशयाच्या आतील बाजूस एक अस्तर असते. ते दर महिन्याला वाढते, गर्भ राहिला नाही तर गळून पडते, आणि त्यालाच आपण पाळी म्हणतो. शेतात पेरताना काही दाणे बांधावर सांडतात आणि तेथेही रुजतात; त्याप्रमाणे या अस्तरासारखी पेशींची बेटे काही स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या बाहेर वाढलेली आढळतात. बेट कोठेही असो, ते बीजांडकोशांतून येणाऱ्या संप्रेरकांचीच आज्ञा पाळते. पाळीच्या दिवसांत तेही सुजते, त्यातूनही रक्त येते. गर्भाशयातील रक्ताला बाहेर पडण्यास वाट असते, या रक्ताला ती नसते. त्यामुळे तेथे दाह होतो, गाठ धरते, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात, आणि पुढच्या महिन्यात तेच पुन्हा घडते.

व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये अशा पेशींचे वर्णन केले. अमेरिकेतील सॅम्पसन यांनी १९२० नंतरच्या दशकात असे मांडले, की पाळीचे थोडे रक्त गर्भनलिकांतून उलट पोटात जाते आणि तेथे या पेशी रुजतात. पुढे असे दिसून आले, की रक्ताचा असा उलट प्रवास बहुसंख्य स्त्रियांमध्ये होतो, पण विकार मात्र थोड्यांनाच होतो. म्हणजे बियाण्यावरच सर्व भार टाकून भागत नाही, जमीनही पाहावी लागते. रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्यांतून पेशींचा प्रवास, किंवा मूळ जागच्या पेशींचेच रूपांतर, अशीही स्पष्टीकरणे आहेत. कोणतेही एक सर्व रुग्णांना लागू पडत नाही. आपल्याकडे मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने देशातील अनेक केंद्रांच्या सहकार्याने या विकाराचा अभ्यास हाती घेतला, ही समाधानाची गोष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातील सुमारे दहा टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी मुली व स्त्रिया या विकाराने ग्रस्त आहेत. त्यांपैकी बहुतेकींचा विकार ओटीपोटाच्या पोकळीत, बीजांडकोशांवर आणि गर्भाशयाच्या आसपास असतो. ओटीपोटाबाहेर, म्हणजे पोटाच्या भिंतीत, बेंबीत, श्वासपटलावर, फुप्फुसात तो फार थोड्यांना होतो. मग दुर्मीळ गोष्टीसाठी आपला वेळ का घ्यावा? दुर्मीळ असल्यामुळेच त्याला दुसऱ्याचे नाव दिले जाते, आणि त्या दुसऱ्या नावाचे उपचार बाईला वर्षानुवर्षे सोसावे लागतात, म्हणून.

माझ्याच चुकीपासून सांगतो. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत एक बाई माझ्याकडे आली. दोन वर्षांपूर्वी सिझेरियन झालेले. व्रणाच्या एका टोकाला बोराएवढी गाठ, दाबली की ठणके. मला वाटले, आतला टाक्याचा धागा कुजला असावा. गाठ कापली, धागा सापडला नाही, थोडे काळसर रक्त निघाले. जखम धुतली, प्रतिजैविके दिली. बाई बरी होऊन गेली आणि दीड महिन्याने परत आली. मी पुन्हा तेच केले. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा तिची सासू बरोबर होती. सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, ही बाहेर बसायच्या दिवसांतच ही गाठ फुगती. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आसंल." मला माहीत नव्हते, कारण मी विचारले नव्हते. पुरुष डॉक्टरने बाईला पाळीची तारीख विचारावी याचा संकोच तिला होता तितकाच मलाही होता. आज त्याची लाज वाटते.

ती गाठ एंडोमेट्रिऑसिसची होती. सिझेरियनच्या वेळी गर्भाशय उघडताना त्याच्या अस्तराच्या काही पेशी जखमेच्या कडांत राहतात आणि रुजतात, असे याचे कारण मानले जाते. काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, व्रणात किंवा त्याच्या लगत गाठ लागते. पाळीच्या दिवसांत ती दुखते, मोठी होते. क्वचित तिच्यावरची कातडी निळसर दिसते किंवा तेथून रक्त झिरपते. गळू, हर्निया, टाक्याची गाठ अशी नावे तिला मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे २५ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. व्रण वाढले, तेव्हा व्रणातल्या या गाठीही आपल्या दृष्टीस अधिक पडणार, हे उघड आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. सर्वच बायकांची गाठ पाळीबरोबर दुखते असे नाही. पुष्कळ जणींना वेदना सततची असते. म्हणून तारखेचा मेळ बसला तर संशय बळावतो. मेळ बसला नाही म्हणून संशय सोडून देता येत नाही.

या गाठीचा उपचार सोपा आहे, मात्र तो पुरता करावा लागतो. आधी सोनोग्राफी, गाठ खोल असेल तर एम.आर.आय.; जरूर तर सुईने पेशी काढून तपासणी. त्यानंतर गाठ कापून, पिळून सोडून देता कामा नये. भोवतालच्या सुमारे एक सेंटिमीटर निरोगी ऊतींसह ती सबंध काढावी लागते. स्नायूंच्या आवरणात मोठे भोक पडले तर जाळी बसवावी लागते. काढलेला तुकडा तपासणीला पाठविलाच पाहिजे, कारण फार क्वचित का होईना, अशा गाठीत कर्करोगही आढळतो. गोळ्यांनी ही गाठ जात नाही, वेदना तेवढ्या कमी होतात. पुरती काढली म्हणजे बहुतेक बायका कायमच्या मोकळ्या होतात. माझ्या त्या रुग्णाचेही तसेच झाले. दोन निरर्थक कापण्यांचे व्रण मात्र तिच्या पोटावर राहिले.

बेंबीतून दर महिन्याला रक्त येणे हाही याच विकाराचा एक प्रकार. विलार नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि ती गाठ त्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे अशा बाईला अंगारा लावतात, किंवा बेंबी नीट धूत नाहीस म्हणून बोल लावतात. मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जाणारी कळ पाळीगणिक येत असेल, तर क्वचित प्रसंगी त्या मोठ्या शिरेजवळ असे बेट असू शकते. या दोहोंवर आज अधिक बोलत नाही. छातीवर मात्र थांबावयाचे आहे.

छातीतील प्रकाराच्या दोन तऱ्हा सांगतो. पहिल्या प्रकारात फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्या मधल्या जागेत हवा भरते आणि फुप्फुस आकसते. बाईला एकाएकी छातीत किंवा खांद्यात कळ येते, दम लागतो. पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून पुढच्या तीन दिवसांत हे घडते आणि बहुतेक वेळा उजव्या बाजूस घडते. १९५८ मध्ये अमेरिकेत अशा रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि १९७२ मध्ये या प्रकाराला पाळीशी जोडणारे स्वतंत्र नाव मिळाले. उजवीच बाजू का? पोटातील द्रव संथपणे फिरत असतो, आणि तो ओटीपोटातून उजव्या कुशीने वर यकृताच्या माथ्याशी, श्वासपटलाखाली जातो. त्याबरोबर गेलेल्या पेशी तेथे रुजतात, श्वासपटलाला बारीक छिद्रे पाडतात, आणि त्या छिद्रांतून पुढचा प्रवास छातीत होतो. डाव्या बाजूस ही वाट तितकी मोकळी नाही. अर्थात सर्वच रुग्णांचा उलगडा यावरून होत नाही.

दुसरा प्रकार थुंकीत रक्त पडण्याचा. आपल्या भागात थुंकीत रक्त म्हटले की क्षयरोग, हे समीकरण ठरलेले आहे, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असते. माझ्याकडे आलेल्या एका तिशीतल्या बाईची हकिगत यासाठीच सांगतो. तिला खोकल्याबरोबर रक्त पडले. एका दवाखान्यात छातीचा फोटो काढला, पुसट डाग दिसला, थुंकीची तपासणी न करताच क्षयाची औषधे सुरू झाली. चार दिवसांत रक्त थांबले. घरच्यांनी समाधान मानले. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त, पुन्हा चार दिवसांत बंद. औषध बदलले, रक्त थांबले. इंजेक्शने दिली, रक्त थांबले. सहा महिने पुरे झाले. मग दुसऱ्या खेपेचा उपचार सुरू झाला. दरम्यान तिचे ताट-वाटी वेगळी झाली होती, आणि धाकटे मूल तिच्या कुशीत निजेनासे झाले होते, म्हणजे निजू दिले जात नव्हते.

यातील सापळा आपण लक्षात घ्यावा. जे दुखणे आपले आपण चौथ्या दिवशी थांबते, त्यावर कोणतेही औषध गुणकारी ठरते. वैद्याचे चूर्ण, डॉक्टरचे इंजेक्शन आणि देवऋषाचा दोरा, तिघांनाही यश मिळते. त्यामुळे चूक उघडकीस येण्यास वर्षे लागतात.

ती उघडकीस आणली उपकेंद्रातील एका नर्सबाईंनी. औषधाच्या कार्डावर रक्त पडल्याच्या तारखा होत्या. त्यांच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी बाईला पाळीच्या तारखा विचारल्या आणि कार्डावर दुसऱ्या शाईने लिहिल्या. सात महिन्यांच्या तारखा एकमेकींशी जुळत होत्या.

पुढचे निदान कठीण नव्हते. रक्त पडत असताना छातीचे सी.टी. स्कॅन केले, त्यात उजव्या फुप्फुसात एक धुरकट ठिपका दिसला. पंधरा दिवसांनी पुन्हा केले, ठिपका जवळजवळ नाहीसा झाला होता. दुर्बिणीने श्वासनलिका तपासली. थुंकीची क्षयासाठीची तपासणी निर्दोष आली. चाचणी पाळीच्या दिवसांत झाली पाहिजे हा यातील मुद्दा आहे. एरवी केलेले स्कॅन कोरे निघते आणि बाई खोटे सांगते आहे, असा शेरा तिच्या माथी येतो. रक्ताच्या एखाद्या तपासणीने हा विकार निश्चित ओळखता येत नाही, हेही सांगून ठेवतो.

माझ्या या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. क्षयरोग आपल्याकडे आजही मोठा शत्रू आहे, आणि छातीतला एंडोमेट्रिऑसिस हजारांत शोधावा लागेल असा. रक्त पडले तर पहिली तपासणी थुंकीचीच. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट चाचणीला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. अशा चाचण्यांनी काही तासांत उत्तर मिळते. क्षयाची चालू असलेली औषधे कोणीही तारखा जुळल्या म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. तपासणीत जंतू मिळत नाहीत, औषधांनी दुखणे हटत नाही आणि रुग्ण पाळीच्या वयातील स्त्री आहे, असा योग आला म्हणजे तारीख विचारावी, एवढेच माझे म्हणणे.

उपचार काय? ही बेटे संप्रेरकांवर जगतात, म्हणून ती रसद तोडणे हा एक मार्ग. डायनोजेस्टसारख्या गोळ्या रोज घेतल्या, की बहुतेक स्त्रियांची पाळी थांबते किंवा अगदी कमी होते आणि बेटांतील रक्तस्रावही थांबतो. बीजांडकोशांचे कार्य काही काळ थोपविणारी इंजेक्शनेही आहेत. ती परिणामकारक, परंतु हाडे विरळ करणारी, म्हणून त्यांना मर्यादा. गोळ्या बंद केल्यावर विकार परतू शकतो, हे बाईला आधीच सांगावे. छातीत हवा भरत असेल तर पहिल्यांदा नळी घालून ती काढावी लागते. पुन्हा पुन्हा भरत असेल, तर छातीत दुर्बीण घालून श्वासपटलाची छिद्रे बुजविणे, बेटे काढणे, फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटविणे अशी शस्त्रक्रिया करतात, आणि नंतर काही महिने गोळ्या देतात. हे काम छातीचे शल्यचिकित्सक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून करावयाचे आहे. एकट्याच्या हातून ते अर्धवट राहते.

माझ्या रुग्णाचे रक्त गोळ्यांनी थांबले. पण तिला आणखी एक मूल हवे होते, आणि गोळ्या चालू असताना ते शक्य नव्हते. अशा वेळी डॉक्टराने आपला निर्णय तिच्यावर लादू नये. गोळ्या थांबवून प्रयत्न करता येतो. दिवस गेले की पाळीबरोबर हा त्रासही बहुधा थांबतो. बाळंतपणानंतर तो परत येऊ शकतो. फुप्फुसातील ठिपका एकाच जागी असेल, तर तेवढा भाग काढण्याचाही पर्याय असतो. हे सारे तिच्यापुढे आणि तिच्या यजमानांपुढे ठेवले. त्यांनी घरी जाऊन विचार केला आणि मूल होऊ देण्याचे ठरविले. लग्न कर, मूल होऊ दे म्हणजे बरे वाटेल, असा सल्ला मुलींना सर्रास दिला जातो, त्याच्याशी हे कृपया एक समजू नये. गर्भारपण हा या विकाराचा उपचार नाही.

आणि "पिशवी काढून टाका" हाही नाही. हा विषय मराठवाड्यात तरी टाळता येण्यासारखा नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि राज्य शासनाने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. त्या सर्वांना हा विकार होता असे मी मुळीच म्हणत नाही. मजुरी बुडण्याचे भय, पाण्याची टंचाई, जंतुसंसर्ग, काही ठिकाणचा धंदेवाईकपणा, अशी अनेक कारणे तेथे होती. परंतु पाळीशी निगडित दुखण्याला पिशवी काढणे हे एकच उत्तर आहे, ही समजूत आपल्या मनात किती खोल गेली आहे, ते यावरून दिसते. बेट फुप्फुसात आहे आणि बीजांडकोश चालू आहेत, तर गर्भाशय काढल्याने फुप्फुसातले रक्त थांबेलच कसे? दोन्ही बीजांडकोशही काढले, तर तिशीच्या बाईला अकाली रजोनिवृत्ती, ठिसूळ हाडे आणि हृदयविकाराचा वाढलेला धोका पदरात येतो. काही थोड्या रुग्णांमध्ये, इतर उपाय हरल्यावर, याचा विचार करावा लागतो. पण तो शेवटचा, पहिला नव्हे.

आता आपल्याकडून काय हवे ते सांगतो. १९७३ पासून निघणारे 'कालनिर्णय' आपल्या बहुतेक घरांत भिंतीवर असते. त्यावर दुधाचा खाडा लिहितात, गॅसची टाकी लागल्याची तारीख लिहितात, म्हैस गाभण राहिल्याची तारीखही लिहितात. बाईच्या पाळीची तारीख मात्र त्यावर नसते, कारण ती चारचौघांत दिसू नये अशी रीत. एक बारीक टिंब पुरे. पाळी सुरू झाली की निळे टिंब आणि जे काही दुखते, फुगते किंवा रक्त येते त्या दिवशी लाल. तीन महिन्यांचे असे पान माझ्यासारख्या डॉक्टरला पुष्कळ महागड्या चाचण्यांपेक्षा अधिक सांगून जाते.

शिक्षिकांना विनंती, की वरच्या वर्गातील मुलगी दर महिन्याला ठराविक दोन-तीन दिवस गैरहजर राहत असेल, तर हजेरीपटाकडे या नजरेने पाहावे. त्यातून बहुधा ओटीपोटातलाच विकार हाती लागेल, पण तोही वेळीच कळलेला बरा. पंचायत सदस्यांना, आणि विशेषतः २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागांवर हक्क असलेल्या भगिनींना विनंती, की उपकेंद्रात एक पडदा आणि बाईला एकटीने बोलता येईल एवढी जागा आहे की नाही ते पाहावे. दरवाजात दीर आणि समोर सासरा उभा असताना कोणती बाई तारीख सांगेल? आशा कार्यकर्त्यांनी आणि क्षयरोग विभागाच्या कर्मचाऱ्यांनी औषधाच्या कार्डावर आणखी एका तारखेला जागा ठेवावी.

खर्चाविषयी प्रश्न निघेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, हे तेथील आरोग्यमित्राकडे शस्त्रक्रियेपूर्वी विचारून घ्यावे, नंतर नव्हे. आपल्याला सर्वांत जवळचे मोठे शासकीय ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, १९५६ मध्ये सुरू झालेले, आपण ज्याला घाटी म्हणतो ते. तेथे स्त्रीरोग विभागात जाताना जुने फोटो, जुनी कागदपत्रे, सिझेरियनचा कागद असेल तर तो, सगळे बरोबर न्यावे. आणि टिंबे लावलेली पाने. वहीत नीट उतरवून काढण्याची गरज नाही. कॅलेंडरवरून फाडून नेली तरी चालतील.